तीन मिनिटांत काय मागायचं? पुनर्बांधणी निधीच्या जनसुनावणीत बोलणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आला आहे: "पुरात आमच्या वस्तीतली बरीच घरं गेली. पुनर्बांधणीचा निधी मंजूर झालाय, खर्चाच्या आराखड्याचा मसुदा निघालाय आणि दहा दिवसांनी त्यावर जनसुनावणी आहे. माणशी तीन मिनिटं मिळणार. शेजारी म्हणतात, सगळं आधीच ठरलेलं असतं. बोलून खरंच काही होतं का? होत असेल तर बोलायचं काय?"

होतं. बावीस वर्षं मी अशा सुनावण्यांमध्ये व्यासपीठाच्या बाजूला, कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसले आहे. लोक बोलतील ते टिपून घ्यायचं, त्यावरून हरकती-सूचनांचा तक्ता करायचा आणि तक्त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे यंत्रणेकडून उत्तर मिळवायचं, हे माझं काम. तुम्ही बोलता त्याचं पुढे काय होतं ते मला त्या टेबलामुळे कळलं, म्हणून तिथूनच सांगते.

तक्त्यात चार रकाने असतात: कोणी सांगितलं, काय सांगितलं, यंत्रणेचं उत्तर काय, मसुद्यात बदल केला का. हॉलमध्ये दीडशे माणसं बोलली तरी ओळी तेवढ्या होत नाहीत, कारण सारख्या मुद्द्यांची मिळून एकच ओळ करतात. "आमचं सगळं गेलं, आमच्याकडे लक्ष द्या" असं चाळीस जण म्हणाले, की त्या चाळिसांची एक ओळ: "बाधितांनी नुकसानीची व्यथा मांडली." पुढे उत्तर, "नोंद घेतली." चौथ्या रकान्यात आडवी रेघ. त्या चाळिसांपैकी कोणाचंही दुःख खोटं नसतं. पण त्या ओळीत उत्तर द्यावं लागेल असं काही मागितलेलंच नसतं. उलट कोणी म्हणालं, "पान ३४ वरच्या तिसऱ्या अटीत 'मालक' या शब्दापुढे 'किंवा भाडेकरू' असं घाला," तर त्याची वेगळी ओळ करावीच लागते. तिच्यापुढे नुसतं "नोंद घेतली" लिहून फाइल वर पाठवली तर ती परत येते: मान्य आहे की नाही, नसेल तर कारण लिहा.

तुमच्या तीन मिनिटांतून तुम्हाला तक्त्यातली अशी एक स्वतंत्र ओळ मिळवायची आहे.

एका सुनावणीतली एक बाई मला कायम आठवते. मसुद्यात अट होती की घरात दोन फुटांच्या वर पाणी चढलं असेल तर घर "मोठ्या नुकसानीच्या" वर्गात, खाली असेल तर "किरकोळ". त्यांच्या घरात पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. माइकजवळ आल्या आणि पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून टेबलावर उघडली. आत भिंतीच्या गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा होता. तो त्यांनी बोटांनी दाबला आणि ओल्या मातीसारखा त्याचा भुगा झाला. म्हणाल्या, "पाणी किती चढलं ते तुम्ही मोजलंत. किती दिवस बसलं ते कोणी मोजलं? आमच्यात नऊ दिवस होतं. या भिंतीवर मी छप्पर कसं ठेवू?" मग त्यांनी घडी केलेला कागद वाचला: अमुक पानावरच्या अटीत पाण्याच्या उंचीसोबत पाणी साचल्याचे दिवसही धरावेत. सगळं मिळून दीड मिनिट. अभियंत्यांपैकी एक जण उठून टेबलाशी आला आणि त्याने तो भुगा बोटांनी चाचपून पाहिला. अंतिम आराखड्यात दिवसांची अट आली. ती त्या बाईंच्या एका घरासाठी आली नव्हती. सखल भागातली, कमी उंचीच्या पण बरेच दिवस तुंबलेल्या पाण्यात भिजलेली सगळी घरं त्या एका ओळीमुळे वरच्या वर्गात गेली.

त्यांनी घरातली एकच गोष्ट दाखवली, पण मागितला तो नियमातला बदल. नियम बदलला की घराला आपोआप मिळतं. घरासाठी मागितलं की उत्तर येतं, "वैयक्तिक प्रकरणासाठी स्वतंत्र अर्ज करावा."

म्हणून पुढचे दहा दिवस नुकसानीची यादी करण्यापेक्षा मसुदा वाचण्यात घाला. शे-दीडशे पानांचं बाड पाहून घाबरू नका. प्रस्तावना, हवामानाचा इतिहास, नकाशे आधी सोडून द्या. चार गोष्टी शोधा: पात्र कोण, रक्कम कोणत्या सूत्राने ठरते, पुरावा काय लागेल, आणि पैसे कामाच्या आधी मिळणार की नंतर. बाकीचं नंतर सवडीने.

रक्कम ठरवण्याच्या सूत्राकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण अन्याय तिथे गणिताच्या वेशात बसलेला असतो आणि भाषा इतकी सरळ असते की नजरेतून सुटतो. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना आणि रीटा या वादळांनंतर लुईझियाना राज्याने घरमालकांसाठी 'रोड होम' नावाची योजना आणली. सूत्र असं होतं: वादळाआधीची घराची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतली जी रक्कम कमी, तिच्यावरून अनुदान ठरणार, कमाल मर्यादा दीड लाख डॉलर. ऐकायला वाजवी वाटतं. पण छप्पर घालायला, वायरिंग करायला खर्च गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत सारखाच येतो. घरांच्या किमती मात्र कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कमी ठेवल्या गेल्या होत्या. त्यामुळे तेवढंच मोडलेलं तसंच घर, आणि हातात येणारी रक्कम कितीतरी कमी. २००८ साली यावर खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड होऊन सुमारे १,३०० घरमालकांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. वादळानंतर सहा वर्षांनी! जे सूत्र मसुद्यात असताना एका वाक्याने बदलता आलं असतं, ते छापून झाल्यावर बदलायला न्यायालय लागलं आणि तोवर अनेकांनी घरं सोडून दिली होती.

अमेरिकेतल्याच टेक्सास राज्यात हेच वेगळ्या रूपात झालं. २०१७च्या हार्वी वादळानंतर पूरप्रतिबंधक कामांसाठी आलेला निधी तिथल्या जनरल लँड ऑफिस या राज्य सरकारच्या कार्यालयाने स्पर्धा घेऊन वाटला. गुण देताना एक निकष होता: प्रकल्पाचा फायदा अर्ज करणाऱ्या गावाच्या किंवा शहराच्या एकूण लोकसंख्येपैकी किती टक्क्यांना होणार. छोट्या गावात एका गटाराने निम्मं गाव सुटतं. लाखोंच्या शहरात तेवढ्याच पैशात हजारो माणसं वाचली तरी टक्केवारी नगण्य. २०२१ मध्ये निकाल लागला तेव्हा ह्यूस्टन शहराला शून्य मिळालं, आणि हार्वीत सर्वांत जास्त फटका बसलेल्यांपैकी ते शहर होतं. रहिवाशांच्या संघटनांनी तक्रार केली आणि २०२२च्या मार्चमध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने निष्कर्ष काढला की या निकषांमुळे वंशाच्या आधारावर भेदभाव झाला. म्हणून मसुद्यात "गुणांकन" असा शब्द दिसला की कागद-पेन्सिल घ्या आणि आपल्याच वस्तीला गुण देऊन बघा. शेजारच्या चार घरांना लावून बघा. कुठलं घर अन्यायाने गळतं ते दिसलं की तुमची तीन मिनिटं तयार झाली.

पुराव्याची अटही अशीच लावून बघायची. अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर २०१७च्या मारिया वादळानंतर हजारो कुटुंबांचे अर्ज नाकारले गेले, कारण घर आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी झालेली आणि नावावर कागद नाही. राहत होते तेच, कर भरत होते तेच, छप्पर उडालं तेही त्यांचंच. तिथल्या कायदेशीर मदत देणाऱ्या गटांनी हा मुद्दा सोडला नाही. २०२१च्या सप्टेंबरमध्ये फेमा या अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेने देशभरासाठी नियम सैल केले आणि दुसरा कुठलाच पुरावा नसलेल्या वारसाहक्काच्या घरांसाठी स्वतःचं घोषणापत्रही चालेल असं मान्य केलं. तुमच्याकडे अशी घरं असतील तर "कागदाची अट काढा" असं म्हणू नका. ते मान्य होत नाही. "कागद नसेल तर वीजबिल, कराची पावती, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता किंवा स्वतःचं घोषणापत्र यांपैकी काहीही चालावं" असं म्हणा. यंत्रणेला पर्याय दिला की तो स्वीकारणं सोपं जातं.

हप्त्यांबद्दल थोडक्यात: पहिला हप्ता काम सुरू झाल्यावर मिळणार असेल, तर ज्याच्याकडे काम सुरू करायला पैसे नाहीत तो योजनेत असूनही बाहेर राहतो. ही अट मसुद्याच्या शेवटी, अंमलबजावणीच्या प्रकरणात लपलेली असते. ती नक्की बघा.

आता प्रत्यक्ष बोलणं. सावकाश वाचलं तर तीन मिनिटांत तीनशे शब्द जेमतेम बसतात. मी अडीचशेच लिहा म्हणेन, कारण माइकपाशी गेल्यावर घसा कोरडा पडतो आणि मध्ये थांबावं लागतं. पहिल्या वाक्यात नाव, वस्ती आणि पान क्रमांक. पान क्रमांक ऐकला की माझ्यासारखी लिहून घेणारी व्यक्ती ताबडतोब मसुदा उघडते. मग तुमच्या घरातली एकच गोष्ट, जितकी ठोस तितकी चांगली: किती दिवस पाणी, कुठली भिंत, कोण आजारी पडलं. मग ती अट तिथे का चुकते. आणि शेवटी नेमका हवा असलेला बदल, शक्य असेल तर त्याच शब्दांत जसा छापला जावा असं तुम्हाला वाटतं. समजा असं:

"मी नदीकाठच्या खालच्या आळीत राहते. पान ४१, अट दोन. घराचं नुकसान ठरवायला पथक एकदाच येईल आणि घर बंद असेल तर अर्ज निकाली निघेल, असं लिहिलंय. आम्ही दोघंही कामाला जातो. पथक आलं त्या दुपारी मी कामावर होते, दारावर चिठ्ठी चिकटवली होती ती पावसात धुऊन गेली. आमच्या आळीत अशी अकरा घरं आहेत, सह्यांची यादी सोबत जोडली आहे. माझी मागणी अशी: 'घर बंद आढळल्यास पूर्वसूचना देऊन किमान दोन वेळा पुन्हा भेट द्यावी, त्यांतली एक सुट्टीच्या दिवशी,' असं या अटीत घालावं."

एवढं पुरे. बोलताना रडू आलं तर येऊ द्या, सॉरी म्हणत बसू नका. समोरच्यांनी ते पाहायला हवं. फक्त खाली बसण्याआधी शेवटचं मागणीचं वाक्य वाचल्याशिवाय राहू नका. मी किती जणांना त्या वाक्यापर्यंत पोचायच्या आत वेळ संपल्याची घंटा वाजल्यामुळे परत जाताना पाहिलंय. भीती वाटत असेल तर मागणी आधी वाचा आणि हकीकत नंतर सांगा.

तुम्ही एकटे नाही आहात, याचा फायदा घ्या. वस्तीतले दहा जण बोलणार असतील तर आदल्या रात्री एकत्र बसा आणि दहा मुद्दे वाटून घ्या. एकाने सूत्र घ्यायचं, एकाने पुरावा, एकाने हप्ते, एकाने तक्रार कुठे करायची ते. प्रत्येकाने उठताना "आधीच्या वक्त्यांच्या मागणीला माझा पाठिंबा आहे" एवढं म्हणायचं आणि स्वतःच्या मुद्द्यावर यायचं. तीन गुणिले दहा म्हणजे अर्धा तास होतो, आणि तक्त्यात दहा वेगळ्या ओळी.

वस्तीने एकत्र येऊन काय होऊ शकतं ते कॅटरिनात बुडालेल्या न्यू ऑर्लिन्स शहराने दाखवलं. २००६च्या जानेवारीत तिथल्या पुनर्बांधणी समितीचा आराखडा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर नकाशासह आला. नकाशावर हिरवे गोल होते. ते भाग पुढे उद्यान किंवा मोकळी जागा होऊ शकतात, असा त्यांचा अर्थ. शिवाय वस्त्यांनी चार महिन्यांत आपण परत उभ्या राहू शकतो हे सिद्ध करावं आणि तोवर बांधकाम परवाने थांबवावेत, अशी शिफारस होती. आपलं घर त्या हिरव्या ठिपक्याखाली आहे हे लोकांना नाश्त्याच्या वेळी पेपर उघडल्यावर कळलं. त्या आराखड्याच्या जाहीर बैठकीत लोक संतापून बोलले आणि परवाने थांबवण्याची शिफारस महापौरांनी पुढे स्वीकारली नाही. पण ब्रॉडमूर वस्तीने नुसत्या संतापावर थांबायचं नाही असं ठरवलं. रहिवासी संघाच्या अध्यक्ष लाटोया कँट्रेल यांच्या पुढाकाराने त्यांनी कोण परत येणार याची घरोघरी माहिती जमवली, समित्या केल्या, आणि त्याच वर्षी वस्तीचा स्वतःचा आराखडा लिहून काढला. आज ब्रॉडमूर जागेवर आहे. कँट्रेल पुढे २०१८ मध्ये त्याच शहराच्या महापौर झाल्या.

आता जे हॉलमध्ये येऊ शकत नाहीत त्यांच्याबद्दल. हा माझ्या मनाला लागलेला विषय आहे. भाडेकरू, पाळीवर काम करणारे, पूर ओसरल्यावर नातेवाइकांकडे गेलेले, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, या सगळ्यांच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि निधी आलेल्यांच्या बोलण्यावरून वाटला जातो. एका सुनावणीत एक मुलगा उठून म्हणाला होता की आमच्या माडीवरच्या खोल्यांत भाडेकरू होते, त्यांचं काय? त्याने पान क्रमांक सांगितला नव्हता. मी ते वाक्य "इतर मुद्दे" या ओळीत टाकलं. योजना लागू झाली तेव्हा घरमालकांना माडी दुरुस्त करायला पैसे मिळाले, भाडं वाढलं, आणि ते भाडेकरू त्या घरात परत आलेच नाहीत. त्या मुलाला सभा संपल्यावर गाठून "हे लिहून दे" एवढं सांगणं माझ्या हातात होतं. तेव्हापासून मी प्रत्येक सभेनंतर असं सांगते. तुम्हीही येऊ न शकणाऱ्यांकडून आधीच सहीनिशी पत्रं घ्या आणि ती स्वतः दाखल करा. लेखी हरकतीचं वजन बोलण्याइतकंच असतं.

बायकांना बोलतं करणं तर अनेकदा वेगळंच काम असतं. ३० सप्टेंबर १९९३च्या लातूर-किल्लारीच्या भूकंपानंतर हजाराहून जास्त गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने गावातल्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. योजना काय आहे ते घरोघरी सांगायचं आणि घरोघरच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत न्यायच्या, हे त्यांचं काम. मला त्यांतून एवढंच घ्यावंसं वाटतं की सुनावणीच्या आधी वस्तीतल्या दोघी-तिघींनी घरोघर जाऊन फक्त दोन प्रश्न विचारावेत: मसुद्यातली कोणती अट तुम्हाला बाहेर टाकते, आणि तुम्ही बोलणार की तुमच्या वतीने आम्ही बोलू?

तुमच्या शेजाऱ्यांच्या शंकेकडेही येते. सगळं आधीच ठरलेलं असतं का? कधीकधी बरंच ठरलेलं असतं, हे खरं. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०११च्या फेब्रुवारीतल्या भूकंपानंतर महापालिकेने लोकांकडून कल्पना मागवल्या. सहा आठवड्यांत एक लाखाहून जास्त आल्या, आणि त्यांवरून मध्य शहराचा मसुदा तयार झाला. मग केंद्र सरकारने २०१२ मध्ये आपलं स्वतंत्र पथक नेमलं आणि शंभर दिवसांत नवा आराखडा आणला. लोक बोलले ते एका संस्थेशी, आणि शेवटचा निर्णय दुसऱ्या संस्थेकडे गेला. म्हणून सुनावणी सुरू होताच पहिला प्रश्न विचारा: हा मसुदा अंतिम कोण करणार आणि आजच्या हरकती त्यांच्यापर्यंत कोणत्या तारखेला जाणार? उत्तर इतिवृत्तात लिहायला सांगा. आणि लेखी प्रत त्या दुसऱ्या कार्यालयालाही पाठवा.

लेखी प्रतीबद्दल शेवटचं. सुनावणीला जाताना आपलं निवेदन दोन प्रतींत न्या. एक द्यायची, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. ती पोहोच जपून ठेवा. सभा संपली तरी हरकतींची मुदत बहुतेक वेळा चालू असते. अमेरिकेतल्या अशा संघीय निधीच्या योजनांत आलेल्या अभिप्रायांचा सारांश उत्तरांसह आराखड्याला जोडावा लागतो. तुमच्याकडे किती दिवस आहेत ते मसुद्याच्या जाहिरातीत बघा. सभेत दुसऱ्या कोणाचं ऐकून नवा मुद्दा सुचला तर तो त्या मुदतीत लिहून द्या.

अंतिम आराखडा आल्यावर उत्तरांचा तक्ता मागून घ्या आणि आपली ओळ शोधा. सापडली नाही तर शिक्क्याची प्रत जोडून त्याच आठवड्यात पत्र द्या. सापडली आणि "अमान्य" असेल तर कारण नीट वाचा. "निधी अपुरा" असं असेल तर जपून ठेवा, कारण पैसे उरतात, योजना मागे पडतात आणि आराखड्यात फेरबदल येतात. पात्रतेचा निकष बदलायचा झाला तर तो फेरबदल पुन्हा लोकांपुढे ठेवायचा नियम अनेक ठिकाणी असतो. त्या वेळी हॉल जवळजवळ रिकामा असतो, बोलायला पाच-सहाच माणसं येतात, आणि तीन मिनिटांची घंटा सहसा कोणी वाजवत नाही. तेव्हाही या.